नग आणि रास

इंग्रजी व्याकरणातील ‘काउंटेबल’ आणि ‘अनकाउंटेबल’ नामांचा भेद मराठी माध्यमातील विद्यार्थ्याला प्रथम भेटतो तेव्हा त्याची व्याख्या बहुधा एका वाक्यात दिलेली असते : ज्या वस्तू मोजता येतात त्यांची नामे काउंटेबल, ज्या मोजता येत नाहीत त्यांची अनकाउंटेबल. व्याख्येखाली दोन रकाने असतात. डावीकडे पुस्तक, खुर्ची, आंबा. उजवीकडे पाणी, दूध, साखर, सोने. येथवर सारे सुरळीत चालते. पुढे उजव्या रकान्यात ‘मनी’ हा शब्द येतो आणि वर्गातला एखादा चुणचुणीत मुलगा विचारतो, “सर, पैसे मोजता येत नाहीत?”

या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेले उत्तर आहे : इंग्रजीत तसेच असते, पाठ कर. हे उत्तर देणारा शिक्षक आळशी असतो असे नव्हे; त्याच्या हाती दिलेल्या व्याख्येतून दुसरे उत्तर निघतच नाही. माझे म्हणणे असे की येथे दोष इंग्रजीचा नाही आणि विद्यार्थ्याचाही नाही. तो ‘मोजणे’ या मराठी शब्दावर टाकलेल्या नको त्या ओझ्याचा आहे. आणि हा दोष दूर करण्याची जबाबदारी जितकी इंग्रजीच्या शिक्षकांची, तितकीच, किंबहुना काकणभर अधिक, मराठी शिकवणाऱ्या आपणा मंडळींची आहे.

मराठीत ‘मोजणे’ ही क्रिया दोन वेगळी कामे करते. आपण पैसे मोजतो, पायऱ्या मोजतो, हजर मुले मोजतो. त्याचप्रमाणे दूध मोजून घेतो, कापड मोजतो, जमीन मोजतो. ‘मोजणी’ म्हटले की शेतकऱ्याला तर जमिनीचे मापनच आठवते. पहिल्या प्रकारात एक, दोन, तीन हे आकडे थेट वस्तूंवर ठेवले जातात. दुसऱ्या प्रकारात ते लिटर, मीटर, गुंठा अशा मापांवर ठेवले जातात आणि वस्तू त्या मापांच्या आडून आपल्यासमोर येते. पहिल्या क्रियेसाठी ‘गणणे’ असा नेमका शब्द भाषेत आहे. दुसरीसाठी ‘मापणे’ आहे, वजनापुरते ‘तोलणे’ आणि ‘जोखणे’ आहे. परंतु नित्याच्या बोलण्यात ‘मोजणे’ या सर्वांना पोटात घेते. म्हणूनच ‘दूध मोजता येत नाही’ हे वाक्य मराठी मुलाच्या कानाला सरळसरळ खोटे वाटते. त्याच्या घरी रोज सकाळी दूध मोजूनच तर घेतले जाते. व्याकरणाचा पहिलाच धडा अनुभवाच्या विरुद्ध गेला, की मुलगा दोहोंपैकी एक निष्कर्ष काढतो : एक तर इंग्रजी ही तर्कशून्य भाषा आहे, नाही तर आपल्याला डोके नाही. बहुतेक मुले दुसरा निष्कर्ष काढतात.

‘गणनीय’ आणि ‘अगणनीय’ असे संस्कृत शब्द योजून हा गुंता सुटेल असे काहींना वाटते. तेही खरे नाही. ‘अगणित’ हा आपला शब्द संख्येने अपार असलेल्या वस्तूंसाठी आहे. आकाशातले तारे अगणित. पण ‘स्टार’ हे इंग्रजी नाम पक्के काउंटेबल आहे. उलट चमचाभर साखरेला कोणी अगणित म्हणणार नाही; पण ‘शुगर’ सामान्यतः अनकाउंटेबल. तेव्हा ‘अगणनीय’ म्हटले की विद्यार्थ्याचे मन पुन्हा चुकीच्या दिशेने, म्हणजे ‘फार आहे म्हणून मोजता येत नाही’ या दिशेने धावते.

वस्तू मोजता येते की नाही, यावर हा भेद मुळात उभाच नाही. हे पाहण्यासाठी व्याकरणाचे पुस्तक मिटून थोडे बाजारात जावे लागेल. पुण्यात बिबवेवाडीला लागूनच गुलटेकडीचे मार्केट यार्ड आहे. तेथील घाऊक भाव वर्षानुवर्षे मराठी वृत्तपत्रांत छापून येतात. ते सदर व्याकरणाच्या अभ्यासकाने एकदा तरी सावकाश वाचावे. फळभाज्यांचे भाव दहा किलोंवर दिलेले असतात, पालेभाज्यांचे शेकडा जुड्यांवर. अननसाचा भाव डझनावर असतो. झेंडू आणि शेवंती किलोवर जातात, तर डच गुलाब वीस नगांच्या गड्डीवर. झेंडूचे फूल काय किंवा गुलाबाचे काय, दोन्ही बोट दाखवून गणता येतील अशीच. परंतु व्यवहाराने एकाला रास मानले आणि दुसऱ्याचे नग पाडले. यात फुलाच्या स्वभावापेक्षा त्याच्या वापराचा वाटा मोठा आहे : झेंडूचा हार होतो, गुलाब एकेकटा हातात दिला जातो.

याच सदराच्या वरची बातमी वाचावी. ‘कांदा घसरला’, ‘टोमॅटो महागला’, ‘गहू वधारला’, ‘बटाटा स्थिर’ अशी तिची भाषा असते. हजारो पोती कांदा येतो आणि क्रियापद मात्र एकवचनी. तोच कांदा पिशवीतून बिबवेवाडीतल्या एखाद्या घरात पोचला की वाक्य बदलते : ‘चार कांदे चिर’, ‘कांदे संपले’. दिवसभर ‘गहू वधारला’ म्हणणारा व्यापारी घरी गेल्यावर ‘गहू दळायला दिले का?’ असे विचारतो. ‘यंदा आंबा कमी आला’ असे म्हणणारा माणूस पेटी उघडल्यावर ‘यातले दोन आंबे नासले’ असे म्हणतो. बाजार आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या वाटेत वस्तू बदललेली नसते. बदलते ती तिच्याकडे पाहण्याची रीत. बाजारात ती द्रव्य असते, घरात ती नग असते, आणि मराठीचे वचन ही नोंद अचूक ठेवते.

इंग्रजीत याहून निराळे काही घडत नाही. टोपलीतला ‘ॲन अनियन’ कोशिंबिरीत चिरून पडला की नुसता ‘अनियन’ होतो. अंगणात फिरते ती ‘अ चिकन’, ताटात येते ते ‘चिकन’. हॉटेलात आपण ‘दोन चहा’ मागतो तसे इंग्रज ‘टू टीज’ मागतो. चहा हे द्रव्य खरे, पण पेल्यात ओतताच त्याचे नग झाले. म्हणजे काउंटेबल आणि अनकाउंटेबल हे वस्तूंचे दोन वर्ग नाहीत. ते भाषेने वस्तूंना दिलेले दोन आकार आहेत. कोणत्या नामाला कोणता आकार सहसा मिळतो, हे त्या त्या भाषेच्या वहिवाटीने ठरते.

वहिवाट हा शब्द मी जाणून वापरतो आहे, कारण तर्काने येथे सर्व काही सुटत नाही. मराठीत तीळ भाजले जातात, पण खसखस भाजली जाते. पोहे भिजवले जातात, रवा भिजवला जातो. रव्याचा कण बारीक म्हणून तो एकवचनी, असे स्पष्टीकरण क्षणभर पटते. पण ज्वारीचा दाणा तिळापेक्षा कितीतरी मोठा असूनही ज्वारी एकवचनी आणि तीळ अनेकवचनी. तांदूळ निवडले, धुतले, वैरले. शिजल्याबरोबर तो भात झाला आणि एकवचनी झाला. इंग्रजी मात्र तांदूळ आणि भात या दोहोंना ‘राइस’ म्हणून एकाच राशीत टाकते. त्याच इंग्रजीत ‘व्हीट’ एकवचनी आणि ‘ओट्स’ अनेकवचनी, धान्ये दोन्ही. फ्रेंचमध्ये केस अनेकवचनी आहेत, सल्ले अनेकवचनी आहेत, आणि ‘माहिती’ या अर्थाचा शब्दही खुशाल अनेकवचनात चालतो. म्हणून इंग्रजी शिकणारा फ्रेंच विद्यार्थी काही जागी आपल्या विद्यार्थ्यासारखाच अडखळतो. ही समजूत पहिल्याच दिवशी दिली तर ‘आपल्याला डोके नाही’ हा निष्कर्ष किती मुलांच्या मनातून पुसला जाईल!

या भेदाचा इतिहासही सांगण्याजोगा आहे. ‘काउंटेबल’ आणि ‘मास-वर्ड’ अशी मांडणी नीटपणे करणाऱ्यांत ऑटो येस्पर्सन हे नाव अग्रगण्य आहे. त्यांच्या ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’ या १९२४ च्या ग्रंथात ती सापडते. येस्पर्सन डॅनिश होते. पुढे नामांपुढे ‘सी’ आणि ‘यू’ ही अक्षरे छापण्याची सोय शब्दकोशात आणली ती ए. एस. हॉर्नबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. तो कोश १९४२ साली तोक्योत जपानी विद्यार्थ्यांसाठी प्रसिद्ध झाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने काढला. आज आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती असलेला ऑक्सफर्डचा विद्यार्थिकोश त्याच घराण्यातला. म्हणजे हा भेद ठळक करण्याची गरज भासली ती मुख्यतः परभाषकांना. इंग्रज मूल हा नियम शिकत नाही. ते भाषा ऐकत वाढते. आणि वाढूनही सदैव नियमाने वागते असे नाही. दुकानांतील ‘दहा किंवा कमी वस्तू’ या अर्थाच्या पाटीवर ‘लेस’ हवे की ‘फ्यूअर’ हवे हा वाद इंग्लंडात इतका रंगला, की २००८ साली टेस्को या दुकानसाखळीने दोन्ही शब्द टाळून ‘अप टू’ वापरणे पसंत केले. ज्या नियमापाशी इंग्रज दुकानदार अडतो, तेथे अप्पर इंदिरानगरातल्या मुलाने अडखळणे हा बुद्धिदोष कसा?

आता विद्यार्थ्यांच्या चुकांकडे वळू. ‘इन्फर्मेशन्स’, ‘फर्निचर्स’, ‘लगेजेस’, ‘ॲडव्हायसेस’, ‘हेअर्स’ ही रूपे उत्तरपत्रिकांत सर्रास आढळतात आणि ‘मातृभाषेचा प्रभाव’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो. हा शेरा अर्धाच खरा आहे. यांतील पहिल्या तीन चुकांशी मराठीचा काडीचाही संबंध नाही. मराठीत ‘माहिती’चे अनेकवचन कोणी करत नाही; ‘माहित्या’ हा शब्द ऐकून शाळकरी पोरही हसेल. ‘सामान’ कितीही असो, ‘सामाने’ होत नाहीत. ‘फर्निचर’ हा शब्द तर आपण त्याच्या एकवचनासकट उचलला. ‘मदत’, ‘वाहतूक’, ‘प्रगती’, ‘ज्ञान’ यांचीही तीच गत. येथे मराठी आणि इंग्रजी हातात हात घालून चालतात. मूल चुकते ते मराठीमुळे नव्हे, तर ‘पुष्कळ असले की शेवटी स लावा’ या अर्धवट शिकवलेल्या नियमामुळे. शिक्षकाने एकदाच विचारावे, ‘बाळ, तू माहित्या म्हणतोस का?’ मुलाची मातृभाषाच त्याला सावरून घेईल.

उरलेल्या दोन चुकांत मात्र मराठीचा हात आहे. आपण सल्ले देतो, केस कापतो, दोन पाव खातो. इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’, ‘हेअर’, ‘ब्रेड’ सहसा राशीच्या रूपात राहतात. ‘न्यूज’ची गोष्ट आणखी गमतीची : आपल्याकडे बातम्या अनेक, तिकडे रूप अनेकवचनासारखे आणि क्रियापद एकवचनी. ही यादी फार लांब नाही. पाठ करायची असेल तर एवढीच करावी. आणि पहिल्या परिच्छेदातल्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर? तेही मराठीतच आहे. ‘माझ्याकडे पैसे नाहीत’ आणि ‘त्याच्याकडे पैसा आहे’ या दोन वाक्यांतला फरक ज्याला कळतो, त्याला ‘मनी’ कळलाच. ‘मनी’ म्हणजे पैसा. गणायचे ते रुपये.

मग ही तुलना वर्गात का होत नाही? कारण मराठीच्या तासाला मराठीचे हे रूप कधी समोरच येत नाही. शालेय पुस्तकांत नामाचे सामान्यनाम, विशेषनाम, भाववाचकनाम असे प्रकार सांगितले जातात. कोठे ‘पदार्थवाचक’ आणि ‘समूहवाचक’ या पोटप्रकारांचा ओझरता उल्लेख होतो, उदाहरणादाखल सोने, दूध, कळप, सैन्य हे शब्द येतात आणि धडा संपतो. पदार्थवाचक नामाचे वाक्यात काय होते, वचन कसे वागते, क्रियापद काय बोलते, याची चर्चा नाही. दादोबा पांडुरंगांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली आले, मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली; अरविंद मंगरूळकरांनी तर या परंपरेचाच ‘पुनर्विचार’ मांडला. एवढी थोर परंपरा पाठीशी असताना शाळेत पोचले ते प्रकारांची नावे आणि त्यांच्या याद्या.

वास्तविक मराठीचे वचन हा किती रसाळ विषय आहे! ‘गुरुजी आले’ यात माणूस एक आणि क्रियापद अनेकवचनी. म्हणजे वचन केवळ संख्या सांगत नाही, आदरही सांगते. ‘अडीच वर्षे’ म्हणणारे आपण ‘दीड वर्ष’ म्हणतो. एकाहून अधिक झाले तरी दोन पुरे होईपर्यंत मराठी अनेकवचनाची घाई करत नाही. इंग्रजी मात्र दीड तासालाही अनेकवचन लावते. शेतकरी ‘दोन पाऊस झाले की पेरू’ म्हणतो आणि गव्हाला ‘तिसरे पाणी’ देतो. पाऊस आणि पाणी ही पुस्तकातली ठळक अनकाउंटेबल द्रव्ये त्याच्या बोलण्यात सहज गणली जातात, कारण तो द्रव्य गणत नाही, घटना गणतो. शिवाय ‘मूग’, ‘तांदूळ’, ‘दगड’ अशा पुल्लिंगी नामांचे रूप दोन्ही वचनांत तेच राहते. वचन कळते ते क्रियापदावरून आणि विशेषणावरून. म्हणून मराठीत हा भेद नामाच्या अंगावर दिसत नाही, वाक्याच्या जुळणीत दिसतो. तो नाही असे नव्हे. आपण तो दाखवत नाही.

यासाठी एक साधी सूचना करावीशी वाटते. ‘काउंटेबल’ आणि ‘अनकाउंटेबल’ या संज्ञा परीक्षेसाठी राहू द्याव्यात, पण त्यांचा अर्थ सांगताना ‘मोजता येणारी’ हे शब्द टाकून द्यावेत आणि बाजाराकडून दोन शब्द घ्यावेत : नगवाचक आणि राशिवाचक. नारळ नगावर मिळतो, धान्याची रास पडते, हे सांगण्यासाठी कोश उघडावा लागत नाही. ‘नग’ हा शब्द आपण विक्षिप्त माणसालाही लावतो, त्यामुळे वर्गात थोडा हशा होईल, होऊ द्यावा. ‘राशी’ म्हटल्यावर कुणाला मेष-वृषभ आठवतील; त्यांना खळ्यावरची रास दाखवावी. कसोटीही सोपी आहे. नामाच्या आधी नुसता आकडा ठेवून पाहावा. ‘तीन खुर्च्या’ जुळले, तर ते नगवाचक. आकडा आणि नाम यांच्यामध्ये काही ठेवल्याशिवाय जुळत नसेल, तर ते राशिवाचक.

आणि मध्ये ठेवण्यासाठी मराठीपाशी काय कमी आहे? साबणाची वडी, गुळाची ढेप, पावाची लादी, कागदाचा ताव, केळ्यांची फणी, फटाक्यांची लड, पाण्याचा घोट, मिठाची चिमूट, कोथिंबिरीची जुडी, कडब्याची पेंढी. यांतील कित्येक शब्दांच्या जोडीला इंग्रजीचा शब्द तयार उभा आहे : ‘अ बार ऑफ सोप’ म्हणजे साबणाची वडी, ‘अ शीट ऑफ पेपर’ म्हणजे कागदाचा ताव, ‘अ पिंच ऑफ सॉल्ट’ म्हणजे चिमूटभर मीठ. त्या ओळीत ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ बसवले की मुलाला ते परके वाटत नाही.

यावर असा आक्षेप येईल की इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे, मराठीची कुबडी कशाला. ज्या घरात इंग्रजी कानावर पडते तेथे हे ठीक आहे. राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे; पण इंग्रजीची तासिका संपल्यावर दिवसभर ते ऐकू न येणारी मुले आजही पुष्कळ आहेत. त्यांच्याजवळ ऐकत वाढण्याची सोय नाही. त्यांच्याजवळ आहे ती एक पूर्ण, सूक्ष्म, वापरून गुळगुळीत झालेली भाषा. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या दोन भाषा शेजारी ठेवूनच शिकल्या. त्या पद्धतीच्या मर्यादा मान्य करूनही हे म्हटले पाहिजे की तिने विद्यार्थ्याला त्याची भाषा दाराबाहेर ठेवून आत यायला सांगितले नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच गोटातून येईल : मराठीच्या प्राध्यापकाने इंग्रजी व्याकरणात का पडावे? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण सर्वांनी आनंद मानला. तो आनंद योग्यच होता. पण ताम्रपट, शिलालेख आणि गाथा यांच्या अभिमानाइतकाच ‘कांदा घसरला’ आणि ‘कांदे चिरले’ यांतला फरक जाणण्याचा अभिमानही आपल्याला वाटला पाहिजे. भाषेची श्रीमंती पुराव्यात असते तशी ती वचनाच्या एका मात्रेतही असते, आणि ही दुसरी श्रीमंती प्रत्येक मुलाच्या तोंडी फुकट आलेली आहे. बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या बापाचे मूल नग आणि रास यांचा हिशेब शाळेत येण्यापूर्वीच शिकलेले असते. शाळेने त्याला एवढेच सांगायचे आहे, की तुला जे येते त्यालाच व्याकरण म्हणतात.